गिटारला नवे स्विच बसवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इलेक्ट्रिक गिटारला चार छोटे टॉगल स्विच बसवून वीसहून जास्त आवाज कसे काढता येतात, याची माहिती आली. वायरिंगसारख्या विषयाला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण ती वाचून कुणी ड्रिल हातात घेण्याआधी काही गोष्टी सांगायलाच हव्यात. आमचे म्हणणे एवढेच आहे की स्विचची योजना आवाज मोजून करू नये. गाणे चालू असताना एका हालचालीत जो आवाज मिळतो, तेवढाच हिशेबात धरावा.

'क्वीन' बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांच्या 'रेड स्पेशल' या गिटारचे उदाहरण अशा वेळी हमखास दिले जाते. १९६३ साली वडिलांच्या मदतीने त्यांनी ती घरीच बनवायला घेतली. तिच्यात तीन पिकअप (तारांच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारे, तारांखालचे भाग) एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले आहेत आणि प्रत्येकाला दोन सरकते स्विच आहेत. एक चालू-बंद करतो, दुसरा फेज, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटा करतो. आता हिशेब करा. प्रत्येक पिकअप बंद, सुलटा किंवा उलटा, अशा तीन अवस्था, म्हणजे एकूण २७. त्यातून सगळे बंद असलेली एक वजा केली की २६. सगळ्या चालू पिकअपचा फेज एकदम उलटला तर कानाला काहीच कळत नाही, म्हणून त्याच्या निम्मे. सहा स्विच आणि खरोखर वेगळे आवाज १३. हे एका माणसाने स्वतःच्या हातासाठी बनवलेले वाद्य आहे आणि त्याला प्रत्येक स्विच पाठ आहे. तेच सहा स्विच नुकत्या शिकणाऱ्याच्या गिटारवर बसवले, तर कार्यक्रमात एखादा चुकून उलटा राहतो, आवाज पातळ होतो आणि दोष अँपवर जातो.

याउलट फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकॅस्टरची, म्हणजे स्ट्रॅटची, गोष्ट पाहा. १९५४ साली ती बाजारात आली तेव्हा तीन पिकअपना तीन जागांचा स्विच होता. वादकांनी तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायला सुरुवात केली, कारण तिथे मिळणारा झिरझिरीत, टणक आवाज त्यांना हवा होता. फेंडरने पाच जागांचा स्विच कायमचा बसवला तो १९७७ साली. म्हणजे दोन नवे आवाज आले, पण हाताला नवे काही शिकावे लागले नाही.

हा मधला आवाज वेगळा का लागतो, हे कळले की पुढची सगळी योजना सोपी होते. पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल. तिचे इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक कंपनसंख्येला उभारी देतात, आणि त्याच्या वरचे सूर झपाट्याने गळतात. स्ट्रॅटच्या एका पिकअपचे इंडक्टन्स सुमारे २.४ हेन्री आणि सहा मीटर केबलसह एकूण कपॅसिटन्स ७०० पिकोफॅरड धरली, तर ही उभारी ३.९ किलोहर्ट्‌झच्या आसपास येते. दोन पिकअप समांतर म्हणजे पॅरलल जोडले की इंडक्टन्स निम्मे होते आणि उभारी ५.५ किलोहर्ट्‌झवर चढते. म्हणून तो आवाज चमकतो. तेच दोन पिकअप सिरीजमध्ये जोडले की इंडक्टन्स दुप्पट, उभारी २.८ किलोहर्ट्‌झच्या खाली आणि आवाज जाड, दणकट. हंबकर जाड का वाजतो याचे उत्तरही हेच आहे, कारण त्यात दोन कॉइल सिरीजमध्ये असतात. केबल बदलली तरी आवाज बदलतो, तोही याच कारणाने.

दुसरी बाब भाराची, म्हणजे पिकअपपुढे येणाऱ्या रोधाची. तो आकडा जितका कमी तितका आवाज मऊ. जुन्या स्ट्रॅटच्या वायरिंगमध्ये २५० के (किलोओहम) चा व्हॉल्यूम आणि २५० के चे दोन टोन असतात, हे फिरवायचे रोध म्हणजेच पॉट. एक टोन नेक पिकअपला (गिटारच्या मानेजवळच्या), दुसरा मधल्याला. ब्रिजला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळच्या पिकअपला, टोनच नाही. फक्त गिटारमधला भार मोजला तर ब्रिज एकटा वाजताना तो २५० के असतो, नेक किंवा मधला वाजताना १२५ के, आणि नेक व मधला एकत्र असताना तीन पॉट मिळून जेमतेम ८३ के. ब्रिजचा आवाज कानात टोचतो अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि लोक पिकअप बदलायला निघतात. त्याआधी स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनचा पाय आणि ब्रिजचा रिकामा पाय यांच्यामध्ये दोन सेंटिमीटरची वायर जोडून पाहावी. खर्च जवळपास शून्य, आणि एकही भोक पाडावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष योजना. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या हातात बहुधा जी गिटार असते, म्हणजे ब्रिजला हंबकर, मध्ये आणि नेकला एकेरी (एकाच कॉइलचे) पिकअप, पाच जागांचा स्विच (पहिली जागा ब्रिजची, पाचवी नेकची), एक व्हॉल्यूम आणि दोन टोन, तीच घेऊ. पिकगार्डला नवे भोक पाडायचे नाही, हा आमचा पहिला नियम. अडचण अशी की हंबकरला ५०० के चा पॉट मानवतो आणि एकेरी पिकअपना २५० के चा. कारखान्यातून येणाऱ्या गिटारमध्ये कुणातरी एकावर अन्याय झालेला असतोच.

पाच जागांच्या साध्या स्विचमध्ये दोन स्वतंत्र बाजू असतात. प्रत्येक बाजूला एक कॉमन पाय आणि तीन निवडीचे पाय, असे एकूण आठ. कॉमन कोणता ते आकृतीवर विसंबून ठरवू नका, कारण उघड्या पात्याच्या आणि बंद डब्याच्या स्विचमध्ये पायांचा क्रम वेगळा असतो. मीटर बीपवर ठेवून स्विच पहिल्या जागी लावा. प्रत्येक बाजूला एक जोडी वाजेल. मग तिसऱ्या जागी लावा. दोन्ही वेळा जो पाय वाजतो तो कॉमन.

पहिल्या बाजूच्या तीन पायांना ब्रिज, मधला आणि नेक यांच्या हॉट (सिग्नलच्या) वायरी जोडा आणि कॉमन व्हॉल्यूमच्या आतल्या पायाला, म्हणजे सिग्नल आत येतो त्या टोकाच्या पायाला, द्या. व्हॉल्यूम ५०० के, लॉग (फिरवताना रोध आधी हळू आणि शेवटी झपाट्याने वाढतो असा). आता दुसरी बाजू मोकळी आहे आणि सगळी करामत तिथे आहे. तिचा कॉमन ग्राउंडला जोडा. मधल्या आणि नेकच्या क्रमाचे दोन पाय एकमेकांना जोडून घ्या, आणि त्यांना दोन गोष्टी लावा. एक म्हणजे हंबकरच्या दोन कॉइलचा सांधा. दुसरी ४७० के च्या रेझिस्टरचे एक टोक, ज्याचे दुसरे टोक व्हॉल्यूमच्या आतल्या पायाला जाते. ब्रिजच्या क्रमाचा पाय रिकामा ठेवा.

पहिल्या जागी हा सांधा मोकळा राहतो, त्यामुळे हंबकर पूर्ण वाजतो आणि व्हॉल्यूम ५०० के चाच दिसतो. दुसऱ्या जागेपासून पाचव्यापर्यंत सांधा ग्राउंड होतो. दुसऱ्या जागी हंबकरची एकच कॉइल मधल्या पिकअपबरोबर वाजते, आणि ५०० के ला ४७० के समांतर पडून व्हॉल्यूमचा भार २४२ के होतो. एकेरी पिकअपना हवा तोच. मास्टर टोनही ५०० के चा असल्याने एकूण भार १६३ के येतो, जुन्या १२५ पेक्षा थोडा उजळ. कुणाला आणखी मऊ हवे असेल तर ४७० ऐवजी ३३० के लावावा, मग एकूण १४२ होतो. या युक्तीची एक छोटी किंमत आहे. पहिल्या जागी तो रेझिस्टर हंबकरच्या एका कॉइलला समांतर राहतो. पूर्ण पिकअपच्या हिशेबाने तो १.९ मेगाओहमसारखा वागतो, म्हणून उजळपणा किंचित कमी होतो. आमच्या मते हे चालते. ज्याला तेवढेही नको त्याने चार बाजूंचा सुपरस्विच घ्यावा, पण तो खोल असतो. गिटारची पोकळी आधी मोजावी.

टोन एकच ठेवा, सगळ्या पिकअपना मिळून. ५०० के लॉग आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर २२३ असे छापलेले असते. उरलेल्या तिसऱ्या भोकात ब्लेंड पॉट, म्हणजे एका पिकअपमध्ये दुसरा मिसळणारा पॉट, बसवावा असे आम्ही आग्रहाने सांगू. २५० के चा लॉग पॉट घ्या आणि तो स्विचच्या पहिल्या बाजूच्या ब्रिज आणि नेक या पायांच्या मध्ये जोडा. वापरायचे पाय दोनच, मधला आणि घड्याळाच्या उलट टोकाचा. बसवण्याआधी पॉटचे चार कान उचलून पाठ उघडा आणि घड्याळाच्या टोकाला, चांदीसारख्या पट्टीला लागून असलेला काळा कार्बन मिलिमीटरभर रुंदीत ब्लेडने पूर्ण खरवडा. खाचेवर नखांच्या पॉलिशचा एक पातळ थेंब द्या, म्हणजे पात्याची टोके अडकणार नाहीत. पॉट बंद करून मीटर लावा. नॉब दहावर असताना हे दोन पाय एकमेकांपासून पूर्ण तुटलेले दिसले पाहिजेत. काहीतरी आकडा येत असेल तर खरवडणे अपुरे आहे.

दहावर ब्लेंड नाहीच. खाली फिरवत नेले की पहिल्या जागी पूर्ण हंबकरमध्ये नेक मिसळत जातो, पाचव्या जागी नेकमध्ये ब्रिजची एक कॉइल, आणि दुसऱ्या किंवा चौथ्या जागी तिन्ही. पाचाचे आठ आवाज झाले आणि मधल्या सगळ्या छटा मिळाल्या. लॉग पॉटच का, असा प्रश्न येतो. पिकअपचा स्वतःचा रोध सहा-आठ के असतो. त्याच्यापुढे १०० के काय आणि २०० के काय, मिसळण सारखीच, म्हणजे जवळजवळ नाहीच. खरा फरक शेवटच्या तीसेक के मध्ये पडतो. लॉग पॉटमध्ये हे तीस के पाच ते शून्य अशा अर्ध्या फेरीत पसरतात. लिनिअर लावला तर ते एका खुणेतच संपून जातात आणि लोक म्हणतात, ब्लेंड चालत नाही.

हंबकरला चार वायरी आणि एक उघडी तार हवीच. रंगांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सेमूर डंकन या पिकअप कंपनीच्या पद्धतीत काळी हॉट, पांढरी-तांबडी एकत्र झाळायची आणि हिरवी उघड्या तारेसह ग्राउंडला. दिमार्झिओ या दुसऱ्या कंपनीत तांबडी हॉट, काळी-पांढरी एकत्र आणि हिरवी ग्राउंडला. डंकनची आकृती दिमार्झिओला लावली की दोन कॉइल परस्परांना कापतात, दिमार्झिओची डंकनला लावली की एकच कॉइल वाजते, दोन्ही वेळा आवाज पातळ येतो आणि पिकअप खराब निघाला असे वाटते. बिनखुणेच्या पिकअपसाठी मीटर २० के ओहमवर ठेवून आधी कॉइलच्या जोड्या शोधा. प्रत्येक जोडीत साधारण चार के दाखवले पाहिजेत. मग स्क्रू ड्रायव्हरचे पोलादी टोक त्या कॉइलच्या खुंट्यांवर टेकवून झटकन उचला. आकडा क्षणभर वर तरी उडेल किंवा खाली तरी. मीटरचे तांबडे टोक ज्या वायरीवर असताना आकडा वर उडतो, तिच्यावर खूण करा. प्रत्येक कॉइलची, तिन्ही पिकअपची ही चाचणी झाली की खुणेची टोके हॉटकडे, आणि फेज जुळला.

दुसऱ्या जागी हम कापला जाईल की नाही हे मात्र यावरून कळत नाही. हम म्हणजे घरातल्या ५० हर्ट्‌झच्या विजेची कॉइलने पकडलेली गुणगुण. तिला फक्त वेढ्यांची दिशा कळते. तारेच्या आवाजाला वेढे आणि चुंबक दोन्ही कळतात. म्हणून एका कॉइलचे वेढेही उलटे आणि चुंबकही उलटा असेल, तर दोघींचा आवाज जुळतो आणि हम एकमेकांना खाऊन टाकतो. फेज आधीच जुळवलेला आहे, तेव्हा आता चुंबक तेवढा पाहायचा. दहा-वीस रुपयांचे होकायंत्र मधल्या पिकअपवर धरा, मग हंबकरच्या चालू राहणाऱ्या कॉइलवर. सुईची विरुद्ध टोके ओढली गेली तर हम कापला जाईल. एकच टोक ओढले गेले तर हंबकरची दुसरी कॉइल चालू ठेवा. डंकनच्या रंगांत सांगायचे तर तांबडी हॉट, हिरवी-काळी सांधा आणि पांढरी ग्राउंड. फेज तसाच राहतो, फक्त कॉइलची अदलाबदल होते. स्वस्त गिटारमध्ये मधला आणि नेक एकाच दिशेचे असणेही नवलाचे नाही, तिथे चौथ्या जागी हम राहणारच.

सामानाविषयी थोडे. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेझिस्टर, कपॅसिटर, वायर, सोल्डर सहज मिळते. पॉट घेताना खोडावरचे अक्षर वाचा. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर, आणि रेडिओच्या दुकानात बहुतेक वेळा बी हाती पडतो. अमेरिकी मापाच्या पॉटची मान साडेनऊ मिलिमीटरची आणि दांड्यावर २४ दाते. आशियाई पॉटची मान बहुधा आठ मिलिमीटरची आणि १८ दाते. जुने नॉब नव्या पॉटवर ठोकून बसवले की दांडा फाटतो. तेलकागदी कपॅसिटरवर हजार-दीड हजार रुपये घालवू नयेत. इथे सिग्नल जेमतेम व्होल्टभराचा असतो, दहा रुपयांचा मायलर तेच काम करतो. त्या पैशात चांगला स्विच घ्या. कोकणपट्टीत तर उघड्या पात्याचाच घ्यावा. डब्याच्या स्विचचे आतले पत्रे दमट हवेत काळवंडतात आणि आत हात पोचत नाही, उघडे पाते मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरने पाच मिनिटांत साफ होते.

झाळणकामात सगळ्यात जास्त चुका पॉटच्या पाठीवर होतात. २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न तिथे पुरत नाही. पत्रा उष्णता पिऊन घेतो, लोक मिनिटभर दाबून धरतात आणि आतला कार्बन भाजतो. पाठ काचकागदाने घासा, ४० ते ६० वॉटचे आयर्न घ्या आणि चार सेकंदांत काम संपवा. स्विचच्या पायांना २५ वॉट पुरे. पत्रेकामाचे आम्लाचे फ्लक्स गिटारमध्ये अजिबात वापरू नये, वर्षभरात पाय हिरवे होतात.

तारा चढवण्याआधीच केबल लावा, अँप हळू ठेवा आणि प्रत्येक जागी प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरने टकटक करून कोण वाजते ते कागदावर लिहा. तारा चढल्यावर हम येत असेल तर हाताने शोधा. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला, तर ग्राउंड ठीक आहे. जॅकच्या पत्र्याला हात लावून कमी होतो पण तारांना लावून नाही, तर ब्रिजखालची वायर सुटली आहे. हात लावताच वाढतो, तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे लागले आहेत. हा शेवटचा दोष अनेक गिटारमध्ये महिनोन्‌महिने तसाच राहतो.

लेस पॉलच्या जातीच्या, दोन व्हॉल्यूमच्या गिटारविषयी एकच सांगतो. मधल्या जागी एक व्हॉल्यूम शून्य केला की दोन्ही पिकअप गप्प होतात, म्हणून पॉटचे आत-बाहेरचे पाय अदलून ते स्वतंत्र करण्याचा सल्ला दिला जातो. ते जमते, पण मग व्हॉल्यूम थोडा कमी करताच पिकअप थेट पॉटच्या खालच्या हिश्शाने दाबला जातो आणि आवाज मंद होतो. त्यापेक्षा टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या बाहेरच्या, म्हणजे सिग्नल बाहेर जातो त्या मधल्या पायाला जोडावा. पन्नाशीच्या दशकातली हीच पद्धत होती आणि आवाज कमी केल्यावरही ती उजळ राहते.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. गणपतीच्या मांडवात किंवा जनरेटरवर सॉकेटला अर्थ नसेल आणि अँपमध्ये दोष असेल, तर वीज वादकाच्या बोटांत आणि मायक्रोफोनला टेकलेल्या ओठांत येते. अँपच्या प्लगचा तिसरा पाय कापून हम घालवण्याचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नये. गिटार लावण्याआधी टेस्टरने सॉकेट तपासावे, फेज आणि अर्थमध्ये मीटरवर २३० व्होल्टच्या आसपास दिसते का ते पाहावे, आणि मांडवाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का हे वायरमनला विचारावे. आपल्याकडच्या बँजो पार्टीच्या बँजोलाही हेच लागू आहे. त्याच्याही तारा धातूच्या आणि पिकअपही असेच.

पुरवणीत पुन्हा आकृती छापणार असाल तर एक विनंती आहे. पॉट आणि स्विच झाळण्याच्या बाजूने दाखवले आहेत की नॉबच्या बाजूने, हे आकृतीवर स्पष्ट लिहावे, आणि पिकअप कोणत्या कंपनीच्या रंगांत काढला आहे तेही. उलट बाजूने काढलेली आकृती पाहून झाळलेला टोन उलटा फिरतो आणि व्हॉल्यूम शून्यावर पूर्ण वाजतो. मग सगळे पुन्हा उकलावे लागते.

आपले विश्वासू,
गिटार दुरुस्ती आणि वायरिंगचे काम करणारे काही कारागीर,
पुणे